काकूंच्या घरी उतरलेले लेखक

"तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," असं म्हणत काकू पदराला हात पुसायच्या, आणि मग काही यायच्या नाहीत.

आमच्या लेखन मंडळात त्या सुरुवातीपासून होत्या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण जमायचो आणि आपापलं लिहिलेलं वाचायचो. मी तेव्हा कॉलेजात होते. नाटे गावाहून रत्नागिरीत शिकायला आलेली. वडील बोटीवर खलाशी, घरात पुस्तकं म्हणजे माझी क्रमिक पुस्तकं. त्यामुळे मंडळात मी फारसं बोलत नसे. काकू कथा लिहितात हे ऐकून होते, पण त्यांची एकही कथा ऐकली नव्हती.

कारण साधं होतं. बाहेरगावचे लेखक आले की उतरायला काकूंचंच घर. ते ऐसपैस, आणि काकूंच्या हाताला चव. मग बैठकही तिथेच व्हायची. बाहेरच्या खोलीत साहित्य चालायचं आणि काकू आत नारळ खवत असायच्या. त्यांची वाचायची पाळी आली की आमचे कार्यवाह, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, आत डोकावून सांगायचे की राहू दे काकू, पुढच्या वेळी वाचा. तुमच्याही गावात अशा काकू असतील. जरा आठवून पाहा, त्यांना बसलेलं तुम्ही कधी पाहिलंय का.

दोन हजार साल उजाडायला काही महिने होते तेव्हा मुंबईहून एक मोठे लेखक येणार असं ठरलं. स्त्रीच्या दुःखावर लिहिणारे म्हणून त्यांचं नाव होतं. ते एका दिवाळी अंकाचं कामही पाहायचे. मंडळातल्या तीन कथा ऐकून एक अंकासाठी नेतो, असं त्यांनी कळवलं होतं. काकूंनी सरांना पहिल्यांदाच काही मागितलं. या वेळी मी वाचणार, आणि पहिली वाचणार, म्हणाल्या. मला भाजी बाजारात भेटल्या तेव्हा पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "छापू दे नाहीतर नको छापू दे गो. पण ही कथा आहे की नाही, एवढं कुणीतरी ऐकून सांगू दे."

शनिवारी रात्री जेवायला आम्हा दोघा-तिघांना बोलावलं होतं. लेखक माझ्या शेजारी बसले. बांगड्याचं कालवण होतं. ते बोलत बोलत जेवत होते, आणि दातातला काटा बोटांनी ओढून माझ्या ताटाच्या कडेला ठेवत होते. स्वतःच्या नाही, माझ्या. मला वाटलं चुकून झालं असेल. दुसरा काटा आला, तिसरा आला. त्यांचं बोलणं बाईच्या सोसण्याबद्दल चाललं होतं. मोठ्या माणसाला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी ताटातच हात धुतले. मग खळाखळा चूळ भरली आणि तीही ताटातच टाकली. भाताची शितं, लाल तवंग आणि ती चूळ. काकूंनी ते ताट दोन्ही हातांनी उचललं, सांडू नये म्हणून जपून आत नेलं. मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

लेखक सुपारी चघळत काकूंना म्हणत होते, "वहिनी, ही सोलकढी हीच तुमची कविता. कागद कशाला काळे करता?" सगळे हसले. सरही हसले.

सकाळी बैठकीसाठी मी गेले तेव्हा लेखकांची बनियन आणि लेंगा काकूंनी धुऊन वाळत घातला होता. जाताना न्यायला सुक्या कोळंबीचे सोडे हवेत, असं त्यांनी सुचवलं होतं, म्हणून काका बाजारात गेले होते. काकूंनी भाताचं पातेलं गॅसवर ठेवलं, कागद घेतले आणि बाहेर येऊन चक्क खुर्चीवर बसल्या. वाचायला लागल्या.

कथा एका बाईची होती. भरल्या घरात तिला बसायला जागा नाही. म्हशीचं दूध काढायच्या निमित्ताने ती गोठ्यात जाते, दूध काढून झालं तरी थोडा वेळ तिथेच बसते. तेवढाच वेळ तिचा. मग घरात म्हैस विकायचं ठरतं. काकू इथपर्यंत आल्या आणि आतून करपल्याचा वास यायला लागला.

सर कुजबुजले, "काकू, भात लागतोय."

"लागू द्या, सर," काकू म्हणाल्या आणि पान उलटलं.

वास वाढत गेला. मी उठून गॅस बंद करायला गेले असते, पण त्यांनी वाचता वाचताच मान हलवून मला बसवलं. खोलीत धूर आला. त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिल्या, आणि कागद मांडीवर ठेवून लेखकांकडे बघत राहिल्या.

लेखकांचं डोकं मागे कलंडलं होतं. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात सुपारीची लाळ. सरांनी हलवलं तसे ते जागे झाले, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, "छान, छान. वहिनी, काहीतरी करपलंय हो."

काकूंनी तोच भात वाढला. लेखकांनी तो खाल्लाही, तीन वेळा मागून. अंकासाठी त्यांनी सरांची कथा नेली.

त्यानंतर पाहुण्यांची सोय लॉजवर होऊ लागली. काकू बैठकींना यायच्या, वेळेवर यायच्या, ऐकायच्या. वाचलं मात्र पुन्हा कधी नाही. चार-पाच वर्षांनी त्या हृदयविकाराने गेल्या. मी तेव्हा संगमेश्वर तालुक्यात शिकवत होते, तिथून शोकसभेला आले.

एकेक जण उठून बोलला. त्यांचे घावणे, त्यांचे मोदक, त्यांची सोलकढी. सर म्हणाले, साक्षात अन्नपूर्णा. आम्ही सगळे त्यांच्याबद्दल बोलताना पुन्हा जेवतच होतो. मला ते चुळीचं ताट दिसलं, आणि तशीच किळस आली. मी उठले. चार माणसांत बोलायची मला अजूनही सवय नाही. मी म्हटलं, काकूंनी एक कथा लिहिली होती, ती सांगते. गोठ्यापर्यंत सांगितली, म्हैस विकायचं ठरलं तिथपर्यंत सांगितली, आणि लोकांची चुळबुळ बघून थांबले. खाली बसणार होते.

समोरच्या खुर्चीवरून काकांनी विचारलं, "मग पुढे काय होतं तिचं?"

मी म्हटलं, "म्हैस जाते. तरी ती रोज संध्याकाळी रिकामी बादली घेऊन गोठ्यात जाऊन बसते. घरात कुणाच्या लक्षात येत नाही."

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच नाही, काका."