बिनगुळाच्या लाह्या

लढाईच्या वर्षांत साखर मिळेनाशी झाली, तेव्हा कोल्हारकडची गुऱ्हाळं दिवसभर चालत. माझे वडील गुळवे. उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करायचे. नेमका त्यांनाच मधुमेह झाला. देवाची ही थट्टा मला अजून पटलेली नाही. वैद्यांनी गूळ बंद केला. मग आई ज्वारीच्या लाह्या, तीळ आणि शेंगदाणे भाजून, गुळाचा खडाही न घालता, गुऱ्हाळावर न्यायची.

वडील निमूट खायचे. पण गूळ झाला का हे बघायला ते पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचे, त्याची गोळी वळायचे आणि सवयीनं तोंडात टाकायचे. एकदा आईनं ते पाहिलं.

"म्या काय कोंबड्यांसाठी भाजत बसते व्हय?"

"टाकून कशी देऊ? अन्न हाय ते," वडील म्हणाले.

तेव्हापासून आई काहिलीशेजारीच बसू लागली. गोळी वळली की तळहात पुढं करायची आणि स्वतः खायची. मी हात पुढं केला, तर माझ्या हातावर लाह्याच पडायच्या. "रगत बापाचंच हाय तुजं," म्हणायची.

हंगामभर ती गोळ्या खात राहिली. एरवी सणाच्या पुरणपोळीचा घासही तिला जात नसे, इतका तिला गोडाचा तिटकारा.