नानांचा बाक

तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचा, सोमवार. रक्कम बत्तीस हजार सातशे साठ. हजर तिघे: जुन्या नाण्यांचे व्यापारी नाना, शिरपूरची माझी आत्या आणि मी.

नानांचं दुकान जळगावात, आमच्या मेहरूणच्या घरापासून पायी जाण्यासारखं. आत गादी, समोर गिऱ्हाइकासाठी लाकडी बाक. माणूस आत शिरला की नाना आधी विचारत, "विकायला आलात की विचारायला?" विकायला म्हटलं तर ते गादीवरच बसत आणि घासाघीस करत, तीही चांगलीच चिवट. विचारायला म्हटलं की गुडघ्यावर हात ठेवून उठत, कण्हत बाहेर येत आणि माणसाच्या शेजारी बाकावर बसत. "गादीवर मी व्यापारी. इथं मी तुमचा माणूस," असं म्हणत. बाकावर बसून ज्याचा भाव सांगितला, ती वस्तू ते स्वतः कधीही घेत नसत. पाहण्याचे दोनशे रुपये, पावतीसकट. नाणं लाखाचं असो की शंभराचं. टक्केवारी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "टक्के घेतले की भिंगातून नाणं मोठं दिसायला लागतं," म्हणाले.

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे: "घरातलं की जमिनीतलं?" चाळीसगावकडचा एक शेतकरी विहीर खणताना सापडलेली नाणी फडक्यात बांधून घेऊन आला होता. नानांनी भिंग खाली ठेवलं. "आधी कलेक्टर कचेरीत कळवा. जमिनीत सापडलेलं असं विकता येत नाही."

"कोणी पाहिलं नाही, नाना."

"मी पाहिलं ना आता!"

तो चिडून गेला. जाताना "दुकान बंद करा मग" असंही ऐकवून गेला. नाना म्हणाले, "चहा पाजला असता तर शिव्या कमी दिल्या असत्या." पण चहा ते कोणालाच पाजत नसत.

तर आत्या. काका गेल्यावर ती दिराच्या घरात राहत होती. स्वयंपाकघर जावेचं, टीव्ही पुतण्याचा, तिच्या वाट्याला जिन्याखालची खाट. शिरपुरातच दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या; अनामत साठ हजार. काकांनी जमवलेले चांदीचे बेचाळीस जुने रुपये होते, त्यांवर तिचा सगळा भरवसा. नाना बाकावर येऊन बसले. तिने पिशवी सोडली आणि रुपये नुकत्याच घासलेल्या फुलपात्रासारखे लखलखले.

"मी बठ्ठा रुपया चिंच लाईसन घासात, नाना," आत्या कौतुकाने म्हणाली.

नानांनी एक उचलला, दुसरा उचलला. मग सरळ सांगितलं, "अक्का, घासलेलं नाणं शौकीन घेत नाही. आता फक्त चांदीचं वजन. न घासता आणले असते तर दहा-बारा हजार जास्त आले असते."

आत्याचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "नाना, झालं ते झालं. हे कशाला सांगायचं?"

"घरात अजून काही निघालं तर तेही घासतील ना!"

शेजारच्या सराफाने वजन करून वर सांगितलेली रक्कम आत्याच्या हातात दिली. साठाला सत्तावीस हजार दोनशे चाळीस कमी. आम्ही पावतीसाठी परत दुकानात आलो. नाना गादीवर जाऊन बसले होते. आत्याने कमरेच्या पिशवीतून एक काळा पडलेला तांब्याचा पैसा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हाऊ तुमले ठेवा, नाना. खरं सांगनात म्हनीसन."

"हा नाही घासला?"

"तांबाना शे, येले कोण घासस?"

नानांनी सहज भिंग लावलं आणि मग बराच वेळ काढलंच नाही. त्यांच्या स्वतःच्या संग्रहाचं एक तबक होतं, विकायचं नसलेलं. एका छोट्या संस्थानाच्या टांकसाळीचे तांब्याचे पैसे, प्रत्येकाला गोल खाच. एक खाच, मी नानांना ओळखतो तेव्हापासून, रिकामी होती. ते त्या तबकाकडे पाहत होते, हे मला दिसलं. भाव कोणी विचारला नव्हता. पैसा आपणहून दिलेला होता.

नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि बाकावर येऊन बसले.

"अक्का, हा देऊ नका. तीस हजारांच्या खाली तर मुळीच नाही."

मला राहवलं नाही. "नाना, ती खुशीने देतेय. तुम्हीच योग्य भावाने घ्या ना."

"तिला माहीत असतं तर दिला असता का? आणि भाव मीच सांगितला. आता मी घेतला, तर तो खरा होता हे तिला कोण सांगणार?" त्यांनी कागदावर नाण्याचं वर्णन आणि भाव लिहून सही केली, धुळ्याच्या दोन व्यापाऱ्यांची नावं दिली आणि बजावलं, "दोघांनाही दाखवा. पहिल्याच दुकानात विकू नका." मग पावतीपुस्तक ओढलं. "ही दुसरी वस्तू. हिचे वेगळे दोनशे."

"आते बाई! फुकट दी राहिनू व्हतू, त्याना दोनशे?" आत्या म्हणाली, पण हसत होती.

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. दुकान आवरायला त्यांच्या मुलीने मला बोलावलं, तेव्हा तबक पुन्हा पाहिलं. ती खाच तशीच होती, आत थोडी धूळ. बाक मी मागून घेतला. आत्याच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत तो आता आहे.

त्या पैशाचे धुळ्याच्या दुसऱ्या दुकानातून आत्याला छत्तीस हजार मिळाले. नानांना मिळाले चारशे, दोन पावत्यांचे.