नाताळच्या सिनेमाची टिंगल

त्या कार्टूनवाल्यांचं डोकं ठिकाणावर आहे का? नाताळच्या त्या जुन्या इंग्रजी सिनेमात शेवटी अख्खं गाव एका अडलेल्या माणसाच्या मदतीला धावतं. माझ्या बाबांना तो फार आवडतो. "आपल्या पोशीर गावच्या आवणीसारखं हाय," म्हणतात. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आम्ही शेजाऱ्यांच्या शेतात जायचं, त्यांनी आमच्या शेतात यायचं.

कार्टूनमध्ये त्याच सिनेमाची नक्कल होती. शेजारी धावत आले आणि त्या माणसाचा सोफासुद्धा उचलून घेऊन गेले. माझी मुलगी खिदळायला लागली, तसा मी रिमोट आपटला. "चांगल्या गोष्टीची टिंगल करतात मेले!"

बाबा हसले नव्हते.

"पोरीवर कशाला चिडतेस गं? यंदा आपण सगळ्यांकडं राबलो. आपल्या आवणीला कोण फिरकलं?"