फरशीचा दोष

फरशी बसवण्याच्या कामात ज्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, त्या गृहस्थांना व्हॉलीबॉलच्या मैदानावर सगळे ‘स्प्रिंग’ म्हणत. चाळिशी उलटली तरी जाळ्यापाशी त्यांची उडी पाहण्यासारखी असे. उतरण्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. एका सरावात ते थेट कप्तानाच्या बुटावर उतरले. घोटा आत मुरगळला आणि पाय सुजून काळानिळा पडला.

सूज उतरताच स्प्रिंगने स्वतःला बरे जाहीर करून टाकले. रविवारी अंतिम सामना होता, आणि आपल्या जागी तो ठोंब्या पोस्टमन खेळणार ही कल्पना त्यांना घोट्याहून अधिक ठणकत होती. पण कप्तानाची अट होती : फिजिओथेरपिस्ट बाई हो म्हणाल्या तरच. बाईंच्या मते दुखणे थांबले म्हणजे तोल परतला असे नव्हे. घोट्याला तो पुन्हा शिकवावा लागतो. म्हणून त्यांनी दुखऱ्या पायावर डोळे मिटून उभे राहायला सांगितले होते. स्प्रिंग तो सराव दात घासताना इमानेइतबारे करीत.

तपासणीच्या दिवशी ते डोळे मिटून एका पायावर उभे राहिले आणि क्षणात बाईंच्या टेबलावर कलंडले.

“बाई, फरशी उताराला आहे तुमची.”

“असं? मग बघा ना तपासून.”

स्प्रिंगच्या पिशवीतून फरशीचा उतार तपासायची लेव्हल निघाली. बुडबुडा मधोमध, ढिम्म हलेना.

सोबत आलेल्या बायकोला राहवले नाही. “अहो, घरी तुमचं एक बोट बेसिनवर असतं. मला वाटलं, बाईंनीच सांगितलंय.”

“नुसतं लावलेलं असतं. भार कुठे टाकतो मी?”

“तेवढंही पुरतं, दादा,” बाई हसू दाबत म्हणाल्या. “बोटानं तोल सांभाळला, की घोटा आळशी होतो. रविवार विसरा.”

“नाहीतर बेसिन घेऊन उतरा मैदानात,” बायको म्हणाली.

रविवारी स्प्रिंग बाकावर बसले. शेवटचा गुण पोस्टमनने मिळवला, तोही उडी न मारता, आणि संघ जिंकला. सारे मैदान नाचू लागले. स्प्रिंगनेही टाळ्या वाजवल्या, शिष्टाचारापुरत्या.

“जरा जोरात वाजवा,” बायको कानाशी पुटपुटली, “हाताला काही झालेलं नाही तुमच्या.”