मार्शमॅलोचं बोरनहाण

सुलभामावशी गेली. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधल्या निम्म्या मराठी पोरांना जिने मार्शमॅलोने बोरनहाण घातलं, ती.

सख्खी नव्हे, शेजारची. एका कँडी कंपनीच्या लॅबमध्ये होती.

२००४ ची संक्रांत. माझी ईशा दीड वर्षाची, नुकतंच डोक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, शी इज फाइन. पण मला तिच्या केसांतून कंगवा फिरवायचीही भीती वाटायची.

आणि बोरनहाण म्हणजे डोक्यावरून बोरं, हलवा, उसाचे करवे ओतायचे. मी सरळ कॅन्सल केलं.

मावशीला कळलं तशी बर्फ तुडवत आली. हातात मार्शमॅलोची पिशवी.

"यात काय असतं, सांग."

"साखर."

"साखरेचा पाक, थोडं जिलेटिन आणि बाकी हवा. पाक फेटला की हवा आत शिरते, जिलेटिन तिला धरून ठेवतं. आम्ही हवा विकतो गं."

मग तिने पापड भाजून वाटीवर ठेवला. साठीची बाई खुर्चीवर चढली आणि वरून मार्शमॅलो सोडला.

पापड जसाच्या तसा.

मग इथे बोरं मिळत नाहीत म्हणून मी आधीच आणून ठेवलेल्या द्राक्षांतलं एक सोडलं. पापडाचे तुकडे.

"आता बोल."

मी रडत रडतच ईशाचं काळं झबलं काढलं.

पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जिलेटिन म्हणजे हाडांचंच ना ते?"

"अहो वहिनी, खायचं कुठंय? डोक्यावरून तर सोडायचंय."

सासूबाईंनी नाक मुरडलं, आणि पहिली मूठ त्यांनीच सोडली.

माझी पाळी आली तेव्हा मी मूठ मिटूनच ठेवली. मावशीने खालून हात धरला.

पांढरे गोळे टाळूवरून टुणटुण खाली. काळ्या झबल्यातली ईशा वर बघून खदखदून हसली.

"मोअर."

दुसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरले.

पुढे दर संक्रांतीला मावशी ईशाला ही पापडाची गोष्ट सांगायची. पोरगी इंग्लिशमध्ये प्रश्न विचारायची, ही मराठीत उत्तरं द्यायची. दोघींचं मस्त जमायचं यार.

आज फ्युनरल होममध्ये सगळे फुलं वाहत होते. ईशाने कोटाच्या खिशातून एक मार्शमॅलो काढला आणि मावशीच्या कपाळाशी ठेवायला वाकली.

मी पटकन तिचा हात धरला.

"इट्स ओके, मम्मा," ती हळूच म्हणाली. "इट वोन्ट हर्ट हर."

मी हात सोडला.

नीट जा गं, मावशी.