निळ्या रेषेपाशी विद्याताई

फोन आला तेव्हा मी डब्लिनच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडत होते. "विद्याताई गेल्या गं... ब्रेन हॅमरेज," त्यांची शेजारीण सांगत होती. मी "बरं" म्हणाले आणि त्यातल्या त्यात ताजी जुडी शोधत राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. नागपूरहून त्यांच्या भावानं अंत्यविधी झूमवर पाहिला, लिंक मीच पाठवली. रडू मात्र अजून आलेलं नाही.

नव्या औषधांच्या चाचण्यांमधले आकडे तपासण्यात विद्याताईंची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर, घरी एकटं काय बसायचं म्हणून, माझ्या मुलीच्या, ईराच्या, आइस हॉकीच्या मॅचना त्या माझ्याबरोबर येऊ लागल्या. जॅकेटवर शाल गुंडाळून बसायच्या. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहिल्याच दिवशी ईराला म्हणाल्या, "अगं, एवढ्या कष्टानं मिळवलेली ती रबरी चकती, तो तुमचा पक, तुम्ही भिरकावून का देता? आणि मग त्याच्याच मागे पळता!"

ईरानं समजावलं, की निळी रेषा ओलांडून समोरच्यांच्या हद्दीत शिरताना पक काठीवर खेळवत नेता येतो, त्याला कॅरी म्हणतात, नाहीतर खोल कोपऱ्यात फेकून त्याच्यामागे जायचं. "कोच म्हणतात, फेका. इट्स सेफर, मावशी."

"कुणी मोजलंय?"

कुणीच मोजलं नव्हतं. मग तो अख्खा सीझन त्यांनी मोजलं... पोरी कशा शिरल्या, आणि त्यानंतर गोलवर फटका बसला की नाही. पक घेऊन शिरल्यावर फटके कितीतरी जास्त बसत होते. मी खूश झाले, त्या नाही. "समोर मोकळी जागा असते तेव्हाच पोरी घेऊन जातात. अडलं की फेकतात. मग ही तुलना कसली?" त्यांनी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले आणि बचाव सारखाच उभा होता तेवढ्याच वेळा वेगळ्या काढल्या. फरक बराच कमी झाला, पण उरला. तो घेऊन त्या कोचकडे गेल्या. "रेषेवर पक हातचा गेला तर गोल बसतो आमच्यावर," कोच म्हणाला. "तेही मोजलंय," ताई म्हणाल्या. तो हसला, आणि करून बघू म्हणाला.

पुढच्याच मॅचमध्ये ईरा पक घेऊन निघाली, रेषेवर तो हिसकावला गेला, गोल झाला आणि आम्ही हरलो. गाडीत ती हुंदके देत होती. "तुझं मॅथ राँग आहे, मावशी!"

मला वाटलं, ताई तिला जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "असेल चुकलेलं. पण एका मॅचवरून ते ना तुला कळणार, ना मला. पुन्हा जागा दिसली तर काय करशील?"

ईरानं बाहीनं नाक पुसलं. म्हणाली, "कॅरी."

गेल्या शनिवारी, ताई गेल्यानंतरची पहिली मॅच होती. शेजारच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली. ईरा रेषेपाशी आली, समोरच्या संघातल्या दोघी आडव्या आल्या. तिनं पक कोपऱ्यात फेकला. परतताना म्हणाली, "जागा नव्हती, आई."

"हो, पाहिलं मी."

आणि खरंच पाहिलं होतं. इतकी वर्षं मी फक्त माझी मुलगी बघत होते... त्या दिवशी ती पोचायच्या आधीच माझी नजर पुढे, त्या दोघींच्या मधे जाऊन थांबली होती.