अक्काला पाठवलेलं सॉरी

जळगावला गाडीतून उतरले, तरी अक्काच्या दारात पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. पुण्यात मी मुलांना इंग्रजी शिकवते, पण ऐन वेळी माझीच दातखीळ बसते. अक्का माझी थोरली बहीण. पौषात तिचे यजमान, आमचे नाना, गेले. दहावीच्या पूर्वपरीक्षेचं कारण सांगून मी आले नाही. फोनवर एकच शब्द पाठवला, सॉरी. तीन महिने झाले, अक्काचं उत्तर नाही, आणि माहेरचं म्हणून तिला माझ्याशिवाय कोणी नाही.

अमळनेरच्या एसटीत एका गृहस्थांनी माझ्या पायावर पाय दिला. ते सॉरी म्हणाले, मीही सॉरी म्हणाले. चेंगरला माझा पाय, मग मी का म्हणाले? एरंडोल आलं तरी हा गुंता सुटेना. बाहेर कापूस निघालेली काळी रानं होती आणि ऊन मी म्हणत होतं.

अमळनेरपुढच्या खेड्यात अक्का ओट्यावर बसली होती. रडली नाही, भांडली नाही, पाणी दिलं. सुनेने भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) वाढली. वाढता वाढता तिने हळूच सांगितलं, नाना गेले त्या दिवशी अक्का माहेरच्या कडू घासासाठी (मयताच्या घरी नातलग भरवतात तो घास) थांबली होती. शेजारणीने भरवला तर तोंड फिरवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाकरी मोडून घास अक्कापुढे धरला. तिने खाल्ला. ही माफी की नुसती भूक, कळेना.

मग तिने फोन पुढे केला. माझा शब्द तिथेच होता. "याना अर्थ काय शे?"

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. इंग्रजीत दुःखाचा शब्द, सॉरो, असाच दिसतो, पण सॉरी त्या कुळातला नाही, जखमेच्या, ठणक्याच्या जुन्या शब्दापासून आलाय, असं मी सांगत सुटले.

अक्काने ऐकून घेतलं. "मंग तुन्हा घाव तू माले कसाले धाडा? मन्हा कमी व्हता का?"

मी तिचा फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने मला बसमध्ये बसवून दिलं.

पुण्यात पोचल्यावर तिला कळवायला फोन घेतला, पण एक अक्षर लिहवेना. शेवटी सरळ फोनच लावला. पलीकडे अक्काने उचलला. ती म्हणाली, "जेवनी का?"

मला रडूच फुटलं. तिने फोन ठेवला नाही.